वाचकांचे प्रश्न: माशांच्या टँकच्या पाण्याचा केएच, घरच्या घरी

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, की पीएच वर-खाली करायच्या बाटल्या विकत घ्यायच्या आधी पाण्याचा केएच एकदा मोजून घ्या. त्यावर इतके प्रश्न आले की हा पूर्ण कॉलमच त्याला द्यावा लागतोय. नवीन वाचकांसाठी थोडक्यात: केएच म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात अ‍ॅसिड पडत गेलं तर ते किती गिळून घ्यायची ताकद पाण्यात आहे, आणि आपल्याकडे ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटची असते. मासे पाळणारे ते डिग्रीत मोजतात, एक डिग्री म्हणजे साधारण १७.९ पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेट धरून). बस, आता प्रश्न.

दादा, थेंबाची किट आणली. पाच एमएल पाणी घेऊन थेंब टाकते, पण कधी सात थेंबांत रंग बदलतो कधी नऊ, आणि माझ्या बहिणीनं त्याच पाण्यावर केलं तं सहाच आले. किट खराब आहे का? (मानेवाडा)

ताई, किट बहुतेक ठीक आहे, हातात फरक आहे. या किटमध्ये होतं काय, की बाटलीत अ‍ॅसिड असतं आणि त्यातच रंग मिसळलेला असतो, पाण्यातला बायकार्बोनेट आहे तोवर पाणी निळं राहतं आणि तो संपला की पिवळं होतं, म्हणजे एक थेंब म्हणजे एक डिग्री. आता जर सगळा हिशोबच थेंबांवर आहे तर थेंब एकसारखा पडला पाहिजे की नाही? बाटली तिरपी धरली की थेंबाचा आकार बदलतो, म्हणून बाटली एकदम उलटी, सरळ उभी धरायची आणि हळू दाबायची. नळीच्या तोंडाशी बुडबुडा अडकला असेल तर पहिला थेंब अर्धाच येतो, तो बाहेर कागदावर पाडून टाका आणि मग मोजायला सुरुवात करा.

दुसरी गोष्ट पाण्याचं माप. काचेच्या नळीवर जी पाच एमएलची रेघ असते तिथे पाण्याचा वरचा भाग कडेला चढलेला दिसतो आणि मधे खोलगट, तर रेघ त्या खोलगट भागाच्या तळाशी यायला हवी, आणि हे नळी डोळ्यासमोर आणून बघायचं, वरून वाकून नाही. मी तर सांगेन मेडिकलमधून पाच एमएलची सुई नसलेली सिरिंज आणा, दहा-वीस रुपयांच्या आत काम होतं आणि रेघेपेक्षा ती जास्त भरवशाची. आधी नळी टँकच्याच पाण्यानं दोनदा विसळून घ्या, नळाच्या नाही, आणि भांड्याच्या साबणानं तर अजिबात धुवू नका, साबण राहिला की आकडा चुकतो. हलवताना अंगठा लावू नका, झाकण लावा.

आणि रंग. पांढरा कागद मागे धरून खिडकीच्या उजेडात बघा, हॉलमधल्या पिवळ्या बल्बखाली निळं-हिरवं-पिवळं सगळं सारखंच दिसतं. निळा रंग आधी हिरवट होतो मग पिवळा, तुमची बहीण हिरवट झाल्यावर थांबत असणार आणि तुम्ही पूर्ण पिवळं होईपर्यंत जाताय. पूर्ण पिवळा झाला तो थेंब धरायचा. शंका असेल तर अजून एक टाकून बघा, रंग अजिबात पुढे सरकला नाही तर तो शेवटचा मोजू नका. अजून बारीक आकडा पाहिजे असेल तर दहा एमएल पाणी घ्या, मग एक थेंब अर्ध्या डिग्रीचा होतो. आणि घरात एकानंच टेस्ट करायची, दोघींनी नाही, कारण आपल्याला आकडा जेवढा कामाचा त्याहून तो महिन्याभरात कुठे चाललाय ते कामाचं. (खाऱ्या पाण्याच्या काही किटमध्ये सिरिंज असते आणि रंग निळ्या-हिरव्यातून गुलाबीकडे जातो, तिथे त्या किटचा कागदच वाचा, माझं ऐकू नका.)

भाऊ, माह्याकडे टीडीएस पेन आहे, आरओवाल्यानं दिला होता. त्याच्यावरून केएच समजत नाही का? (नंदनवन)

नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, तो मीठ टाकलं तरी वाढतो, केएच नाही.

दोन वर्षांपासून गोल्डफिशचा टँक आहे, मासे मोठे झालेत, कधी काही झालं नाही. आता पीएच सहाच्या खाली दाखवतोय आणि केएचच्या किटमध्ये पहिल्याच थेंबात पाणी पिवळं! उद्या रविवार आहे, पूर्ण टँक रिकामा करून ताजं पाणी भरून टाकू का? (त्रिमूर्तीनगर)

थांबा. उद्या काही रिकामं करू नका, अर्धाही नाही. तुमचं पत्र उशिरा हाती आलं, तरी हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच आणि बहुतेक वेळा मासे मेल्यावर विचारतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला थेंब टाकताच पिवळं म्हणजे केएच एक डिग्रीच्याही खाली. तो गेला कुठे? तुमच्या फिल्टरमधल्या बॅक्टेरियानं खाल्ला असं समजा. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया येतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, आणि ते करताना अ‍ॅसिड तयार होतं. हिशोब असा की एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी खर्च होते, म्हणजे लिटरमागे अडीच मिलिग्रॅम पचला की एक डिग्री गेली. गोल्डफिश खातातही भरपूर आणि घाणही भरपूर करतात, त्यात तुम्ही लिहिलंय की पाणी कमी झालं की वरून भरता, बदलत नाही. मग दोन वर्षांत केएच संपणारच होता.

केएच संपला की पीएचला धरून ठेवणारं काही उरत नाही, तो खाली येतो, आणि सहाच्या आसपास आला की ते बॅक्टेरियाच मंदावतात. मग अमोनिया साठायला लागतो. पण मासे मरत नाहीत, कारण इतक्या कमी पीएचला तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप माशाला फारसं लागत नाही. आता तुम्ही रविवारी उत्साहात पूर्ण पाणी बदललं, ताज्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास, तर फिल्टरमध्ये, रेतीत, उरलेल्या पाण्यात जो अमोनियम आहे त्याचा एकदम अमोनिया होतो. पीएच एकनं वाढला की विषारी भाग साधारण दहापट, दोननं वाढला की शंभराच्या आसपास. वरून माशाला पीएचचा झटका वेगळा. मग लोक म्हणतात पाणी तर स्वच्छ केलं, तरी मासे काऊन मेले.

करायचं असं: आधी अमोनियाची टेस्ट करा. खाणं दोन-तीन दिवस अगदी नावापुरतं द्या, गोल्डफिश उपाशी मरत नाही. रोज दहा टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, तापमान जुळवलेलं, आणि रोज केएच आणि अमोनिया मोजा. अमोनिया दिसत असेल तर अमोनिया बांधणारं कंडिशनर घरात ठेवा, पाणी बदलायच्या आधी घाला. आठवड्या-दीड आठवड्यात केएच चारच्या वर नेता आला म्हणजे झालं, घाई नको. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत ठेचलेले शिंपले किंवा संगमरवराचे तुकडे टाकून ठेवा, पाणी आम्ल व्हायला लागलं की ते थोडे थोडे विरघळतात आणि नसलं तर पडून राहतात. काळा दगड टाकून काही होत नाही, बेसाल्ट आहे तो, आणि आपल्या सीताबर्डीची टेकडी त्याचीच असली तरी टँकमध्ये त्याचा उपयोग फक्त शोभेचा.

मग खायचा सोडा टाकला तर? दुकानातली केएच वाढवायची पावडर फार महाग आहे. (हाच वाचक, दुसऱ्या चिठ्ठीत)

चालतो, आणि त्या महागड्या डब्यातही बऱ्याच वेळा मुख्य माल तोच असतो. शंभर लिटरला तीन ग्रॅम सोड्यानं केएच एक डिग्री वाढतो. मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओता, दिवसाला एका डिग्रीच्या वर जाऊ नका, तुमच्या टँकमध्ये तर अर्धीच. फक्त खायचा सोडा, बेकिंग पावडर नाही आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नाही, त्यानं पीएच एकदम उडी मारतो.

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून येतं. जीएच एक आणि केएच सतरा! जीएच कमी तर केएच पण कमी पाहिजे ना? गोगलगायींच्या शंखाला भोकं पडतायत. (बेसा)

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, केएच म्हणजे बायकार्बोनेट, दोन गोष्टी वेगळ्या. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो, म्हणून जीएच शून्याजवळ. बायकार्बोनेटला तो हातही लावत नाही, म्हणून केएच बोअरचा होता तेवढाच. नळावर डाग पडत नाहीत, साबणाला फेस येतो, बिल्डर खूश, पण गोगलगायीला शंख करायला कॅल्शियमच नाही, झिंग्यांची कात टाकताना पण हाल होतात. सॉफ्टनरच्या आधीचं कच्चं पाणी कुठे मिळतं ते वॉचमनला विचारा, बहुतेक ठिकाणी पंपाजवळ किंवा बागेच्या नळाला ते येतं, आणि ते आरओच्या पाण्यात मिसळा. मिसळण्याचा हिशोब सोपा आहे: कच्चं पाणी सोळा डिग्री निघालं आणि तुम्हाला सहा पाहिजे तर तीन बादल्या बोअर, पाच बादल्या आरओ. मात्र घरच्या आरओचा केएच शून्यच आहे असं गृहीत धरू नका, त्यात मिनरलची कांडी किंवा टीडीएसचा स्क्रू असतो, एकदा थेंब टाकून बघा.

बोअरचं पाणी सकाळी पंपातून घेतलं तर पीएच सात, तेच पाणी एअर पंप लावून संध्याकाळी बघितलं तर सव्वाआठ. केएच दोन्ही वेळेस बाराच. कोणती किट खोटं बोलतेय? (हिंगणा रोड)

कोणतीच नाही, उलट तुम्ही फार छान टेस्ट केली. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो, तो पीएच खाली ठेवतो, हवा लागली की तो उडून जातो आणि पीएच वर जातो. केएचला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून बोअरच्या पाण्याचा पीएच रात्रभर हवा दिल्यावरच मोजायचा, केएच मात्र केव्हाही मोजा, बाटलीत भरून ऑफिसातून आल्यावर केला तरी चालतं. बादलीच्या तळाशी पांढरी भुकटी बसलेली दिसली तर मात्र कॅल्शियम कार्बोनेट खाली बसलाय, तेव्हा केएचही खरंच थोडा उतरलेला असेल.

नळाचं पाणी वापरते. थंडीत केएच सहा होता, आता मे महिन्यात दहा. टँकमध्ये नवीन काही टाकलं नाही. (धरमपेठ)

टाकलं आहे ताई, रोज टाकताय. तुमच्या हॉलमध्ये कूलर चालू आहे ना? नागपूरच्या मे महिन्यात पाणी नुसतं बघता बघता खाली जातं आणि तुम्ही वरून नळाचं भरता. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार टँकमध्येच राहतात आणि वरून येणाऱ्या पाण्याबरोबर अजून येतात. कूलरच्या जाळीवर आणि टाकीच्या कडेला जी पांढरी खपली जमते, तीच गोष्ट इथे पाण्यात विरघळलेली आहे. उदाहरण घ्या: शंभर लिटरच्या टँकमधून दहा लिटर उडालं आणि बारा डिग्रीचं पाणी दहा लिटर भरलं, तर जवळपास सव्वा डिग्री वाढली, आणि असं महिन्यात तीन-चार वेळा होतं. उपाय एवढाच की उडालेलं पाणी भरायचं ते आरओचं भरा, आणि दर आठवड्याला पाणी बदलताना बदलायचं ते नेहमीचं.

दुसरं म्हणजे नळाचं पाणीसुद्धा वर्षभर सारखं नसतं. शहराला पाणी पेंचचं आणि कन्हानचं, दोन्ही शेवटी नदी-धरणाचं पाणी, पावसाळ्यात ते पातळ होतं आणि उन्हाळ्यात आटून घट्ट. त्यामुळे टँकबरोबर नळाचाही केएच मोजत जा, नाही तर टँक बिघडला की नळच बदलला ते कळणार नाही. आणि ताज्या नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त असला तर किटचा रंगच फिका पडतो, बादलीत रात्रभर ठेवून मग टेस्ट करा.

किट दोन उन्हाळे गच्चीवरच्या खोलीत पडून होती. तारीख पण पुसली गेली. फेकू का? (खामला)

फेकायच्या आधी तपासा. मेडिकलमधून किंवा बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणा (हे फक्त टेस्टसाठी हो, माशांना नाही). एक लिटरमध्ये बरोबर तीन ग्रॅम नवीन पाकिटातला खायचा सोडा विरघळवा, मग त्यातलं शंभर एमएल घेऊन नऊशे एमएल डिस्टिल्डमध्ये मिसळा. हे पाणी दहा डिग्रीचं झालं. किटनं दहा थेंब, फार तर नऊ किंवा अकरा सांगितले तर किट चांगली आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन ग्रॅम नीट कळत नाही, ओळखीचा सराफ असेल तर इतवारीत जाऊन त्याच्या काट्यावर पुडी बांधून आणा, हसेल तो, पण देईल. आणि यापुढे किट घरात थंड अंधाऱ्या कपाटात, टिनाच्या खोलीत नाही. पट्टीवाल्या टेस्टचं तर अजून वाईट, आपल्या पावसाळ्यात डबी दोन मिनिटं उघडी राहिली की पट्ट्या ओल धरतात, मग त्या काहीही दाखवतात.

झाडांचा टँक आहे, सीओटूचं सिलिंडर लावलंय. चार्टप्रमाणे केएच चार, पीएच ६.६, म्हणजे तीस पीपीएम सीओटू. पण झाडं काही जोर धरत नाहीत. (मनीषनगर)

चार्टचं गणित तुम्ही बरोबर वाचलं: तीन गुणिले केएच गुणिले दहाचा (सात वजा पीएच) इतका घात, उत्तर तीसच येतं. पण हा चार्ट धरून चालतो की पाण्यात आम्ल म्हणून फक्त कार्बन डायऑक्साइड आणि अल्कलिनिटी म्हणून फक्त कार्बोनेट आहे. तुम्ही लिहिलंय की मोठं ड्रिफ्टवुड आहे, बदामाची पानंही टाकली आहेत आणि मागे पीएच कमी करायची पावडर वापरली होती. लाकूड-पानांतून टॅनिन येतं ते पीएच खाली ओढतं, आणि त्या पावडरीत फॉस्फेट असेल तर किटचं अ‍ॅसिड त्याच्यावरही खर्च होतं आणि केएच उगाच जास्त दिसतो. दोन्ही चुका एकाच बाजूला, चार्टवर सीओटू भरपूर, पाण्यात कमी. ड्रॉप चेकर लावा, म्हणजे टँकच्या आत चिकटवायची छोटी कुपी, जी रंगावरून सीओटू दाखवते, त्यात टँकचं पाणी नाही भरायचं, तयार चार डिग्रीचं द्रावण भरायचं, हिरवं म्हणजे तीसच्या आसपास. निळं दिसलं तर बुडबुडे वाढवा, पण हळू, आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की लगेच कमी करा.

गप्पी आणि निऑन टेट्रा दोन्ही आहेत. केएच किती ठेवू? (सदर)

दोघांची आवड उलटी आहे. गप्पीला जड पाणी मानवतं, निऑनला मऊ. चार-पाचवर स्थिर ठेवलं तर दोघंही राहतात, पण मला विचाराल तर एका टँकमध्ये एकच धरा.

दादा, टेस्ट झाल्यावर ते पिवळं पाणी परत टँकमध्ये ओतलं तर चालतं का? मम्मी म्हणते वाया कशाला घालवायचं. (सातवीतली वाचक, महाल)

नाही गं, ते बेसिनमध्ये ओत आणि वरून नळ सोड. त्यात अ‍ॅसिड आहे, थोडंच आहे पण आहे. हात धुवून घे, किटची बाटली लहान भावाच्या हाती लागणार नाही अशी ठेव, आणि मम्मीला सांग की पाच एमएल म्हणजे एक चमचा.